१५ ऑक्टोबरच्या आत हिशेब मांडा

ही विनंती नाही. विनंत्या, निवेदनं आणि स्मरणपत्रं यांच्या फायली महापालिकेपासून मंत्रालयापर्यंत पुरेशा जाड झाल्या आहेत. हा इशारा आहे. तो छत्रपती संभाजीनगर महानगरपालिकेला आहे, चिकलठाणा-वाळूज-शेंद्रा-बिडकीनच्या उद्योगांना आहे, मंत्रालयात बसून गोदावरीच्या पाण्याची टक्केवारी खालीवर करणाऱ्यांना आहे आणि आमची मतं घेऊन मुंबई-दिल्लीला गेलेल्यांनाही आहे. मुदत येत्या १५ ऑक्टोबरची. तारीख पंचांग बघून काढलेली नाही. दर वर्षी त्या दिवशीचा नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाचा, साठा पाहून वरच्या धरणांनी खाली पाणी सोडायचं की नाही हे ठरतं. यंदा त्याच दिवशी तुमच्या शब्दाचीही पातळी मोजू.

कोणता शब्द, ते सांगायला हवं, कारण देणारे विसरले असतील. २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या सुमारास महाराष्ट्रातली ४३ अमृत शहरं संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने चालणाऱ्या ‘रेस टू झिरो’ मोहिमेत सामील झाली. त्यात आपलं शहर होतं. उशिरात उशिरा २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं, आणि २०३० पर्यंत त्यातला मोठा टप्पा गाठायचा, असा हा शब्द. ग्लासगोतच महाराष्ट्राला प्रादेशिक नेतृत्वाचा पुरस्कारही मिळाला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी तो स्वीकारला. पुढे सरकार बदललं, पक्ष फुटले, शहराचं नावही बदललं. दिलेला शब्द अजून कुणी परत घेतलेला नाही. म्हणजे तो लागू आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तर बड्या राष्ट्रांची माणसंच इथे आली. जी-२० च्या महिला गटाची पहिली बैठक आपल्या शहरात भरली. भिंती रंगल्या, दुभाजकांत झाडं उगवली, वर्षानुवर्षं न बुजलेले खड्डे रातोरात बुजले. पाहुण्यांना वेरूळ दाखवलं. चर्चेच्या विषयांत हवामान होतंच. पाहुणे गेले, आणि ज्या वस्त्यांत आठवड्यातून एकदा पाणी येत होतं तिथे ते आठवड्यातून एकदाच येत राहिलं. बाहेरच्यांना दाखवायचं असेल तर हे शहर पंधरवड्यात उजळतं, एवढं मात्र त्यातून सिद्ध झालं. तेव्हा ‘वेळ लागतो’ ही सबब आता चालणार नाही.

बडी राष्ट्रं हवामान करारांवर सह्या का करतात, हा प्रश्न परराष्ट्र खात्याचा वाटतो. तो आमच्या नळाचा आहे, पैठणच्या मोसंबीचा आहे, वाळूजच्या कामगाराच्या पगाराचा आहे. सही कशामुळे होते आणि ती पाळायला काय भाग पाडतं हे ज्या शहराला उमगत नाही, ते पुढच्या परिषदेची वाट बघत बसतं. म्हणून थोडा इतिहास ऐकून घ्या. इशाऱ्यातला हा भाग लांब आहे, पण मागण्या त्यावरच उभ्या आहेत.

रशियाच्या बाबतीत सौदा उघडाच दिसतो. क्योटो करार डिसेंबर १९९७ चा. तो लागू होण्यासाठी किमान ५५ देशांची मान्यता हवी होती आणि विकसित देशांच्या १९९० सालच्या उत्सर्जनापैकी ५५ टक्के वाटा त्यांच्याकडे असायला हवा होता. २००१ मध्ये अमेरिकेने अंग काढून घेतलं आणि किल्ली मॉस्कोच्या हाती गेली, कारण रशियाचा वाटा होता १७.४ टक्के. रशियाला काही सोसायचं नव्हतं. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा कारखाने बंद पडले आणि धूर आपोआप उतरला होता. उलट न सोडलेल्या धुराचे परवाने विकून पैसे मिळायचे होते. तरी पुतिन लांबवत राहिले. मे २००४ मध्ये युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेतल्या रशियाच्या प्रवेशाला हिरवा कंदील दाखवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुतिन यांनी क्योटोला मान्यता दिली, आणि १६ फेब्रुवारी २००५ पासून करार लागू झाला. पृथ्वीच्या काळजीने झालेली ही सही नव्हे. पण ती झाली नसती तर करार कपाटात पडून राहिला असता, हेही खरं.

अमेरिकेचं गणित घरातलं आहे. क्योटोच्या पाच महिने आधी, जुलै १९९७ मध्ये, तिथल्या सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला होता: विकसनशील देशांवर बंधन नसेल किंवा आमच्या अर्थव्यवस्थेला धक्का बसणार असेल तर असा करार नको. म्हणून २०१५ साली पॅरिस कराराचा मसुदा असा विणला गेला की तो सिनेटकडे न्यावाच लागू नये. प्रत्येक देशाने आपलं उद्दिष्ट आपणच ठरवायचं, ते चुकलं तर दंड नाही. पालनाची समिती आहे, पण तिने शिक्षा करायची नाही, फक्त मदतीची भाषा बोलायची. इतकं सैल केल्यावरही काय झालं? १ जून २०१७ ला ट्रम्प यांनी बाहेर पडण्याची घोषणा केली, २०२१ च्या जानेवारीत बायडेन यांनी परत येण्याच्या कागदावर सही केली, आणि २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी शपथ घेतल्या दिवशीच पुन्हा बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली. जगातला सर्वांत मोठा तेल उत्पादक देश आहे तो. जो माल तो विकतो, त्या मालाचा वापर घटवू पाहणाऱ्या कागदाशी त्याचं नातं कुणाचं सरकार आहे त्यावर ठरतं.

चीन नेमका उलट्या बाजूने आला. २०१३ च्या हिवाळ्यात बीजिंगच्या हवेत श्वास घेणं अशक्य झालं आणि मध्यमवर्ग चिडला. तेल बाहेरून आणावं लागतं, ते समुद्रमार्गाने येतं आणि त्या समुद्रावर अमेरिकेचं आरमार फिरतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये शी जिनपिंग आणि ओबामा यांनी बीजिंगमध्ये संयुक्त घोषणा केली, आणि पॅरिसचा रस्ता मोकळा झाला. आज सौर पॅनेल बनवण्याच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. जग जितकं करार पाळेल तितका त्याचा माल खपेल. त्याच वेळी घरी कोळशाची नवी केंद्रंही उभी राहत आहेत. दोन्ही हिशेब एकाच वहीत बसतात.

युरोपचं आणखी वेगळं. त्याच्या जमिनीत गॅस फारसा नाही, आणि जो रशियाकडून यायचा त्याची किंमत २०२२ मध्ये कळली. २००५ पासून त्याने आपल्या कारखान्यांना धुराचे पैसे भरायला लावले. मग कारखानदार ओरडले की बाहेरचा माल पैसे न भरता आत येतो. त्यातून सीमेवरची कार्बन आकारणी जन्माला आली. ऑक्टोबर २०२३ पासून आकडे मागितले गेले, १ जानेवारी २०२६ पासून खरी आकारणी लागू झाली. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं तिच्यात आहेत. पोलादाचे नट, बोल्ट, स्क्रूसुद्धा. वाळूजच्या उद्योजकांनी इथे कान टवकारले असतील. टवकारायलाच हवेत.

आता ज्या कराराने खरोखर काम केलं त्याच्याकडे वळू. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ साली माँट्रियलचा करार झाला. अमेरिका त्यात पुढे होती, कारण तिच्या बड्या रसायन कंपन्यांना पर्यायी वायू बनवता येणार होते आणि बंदी आली तर बाजार त्यांचाच होता. करारात नसलेल्या देशांशी ओझोन विरवणाऱ्या वायूंचा व्यापार बंद, अशी अटही होती. भारत आणि चीन मात्र अडून बसले: थर तुम्ही विरवला, आम्ही खर्च का करायचा? १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत पर्यावरण खात्याच्या मंत्री मेनका गांधी यांनी हीच भूमिका धरली. स्वतंत्र निधी उभा राहिला, तंत्रज्ञान द्यायचं ठरलं, आणि मग १९९२ मध्ये भारत करारात आला. फ्रिजमधला तो जुना वायू गेला, ओझोनचा थर भरून येऊ लागला. कुणी कुणावर उपकार केले नाहीत. नकार देण्याची ताकद होती, तारीख होती, पैसा होता आणि बाहेर राहणाऱ्याला तोटा होता. माझ्या मते हवामानाच्या राजकारणातला सर्वांत मोठा धडा हाच, आणि परिषदांच्या भाषणांत तो क्वचित ऐकू येतो.

आपल्या देशालाही या हिशेबातून सूट नाही. दरडोई धूर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी, पण एकूण धुरात तिसरा क्रमांक. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि दिल्ली गरजेप्रमाणे एकच सांगते. पॅरिसला भारताची बाजू लढवणारे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर पुण्याचे. २ ऑक्टोबर २०१६ ला, गांधीजयंतीचा मुहूर्त धरून, भारताने पॅरिसला मान्यता दिली. त्याच्या पंधराच दिवस आधी अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध अपील जिंकलं होतं. तक्रार काय, तर भारत सौर प्रकल्पांत देशी पॅनेलची अट घालतो! एका हाताने करार, दुसऱ्या हाताने खटला. ग्लासगोला आपणही शेवटच्या घटकेला कोळशाबद्दलचं कलम सौम्य करून घेतलं. मला ते चूक वाटत नाही. ज्याच्या घरी अजून दिवा पुरता लागलेला नाही त्याने तेच करावं. पण मग सगळं जग स्वार्थी आणि आपण तेवढे साधू, हा आव तरी सोडावा.

पैशाचं तर बोलूच नका. २००९ मध्ये कोपनहेगनला शब्द दिला गेला की २०२० पर्यंत गरीब देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर मिळतील. तो आकडा, तोही कर्जं धरून, २०२२ साली कसाबसा गाठला गेला. २०२४ ला बाकूमध्ये २०३५ पर्यंतचा नवा आकडा ठरला ३०० अब्ज. भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत त्याला दृष्टिभ्रम म्हटलं. हवामानाच्या नुकसानभरपाईच्या जागतिक निधीत दुबईच्या परिषदेत जमलेल्या आश्वासनांची सुरुवात ७० कोटी डॉलरच्या आसपास होती. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर एकट्या महाराष्ट्र सरकारला ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर करावं लागलं. दोन्ही रकमा शेजारी मांडा. सगळ्या जगासाठीची झोळी आमच्या एका हंगामाच्या पुराला पुरत नाही.

सहीची किंमत काय असते हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार आठवा. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत आणि शिक्षणात वाटा, मराठवाड्याकडे विशेष लक्ष. सह्या वजनदार होत्या, यशवंतराव चव्हाणांची त्यात होती. मराठवाडा बिनशर्त आला असं आपण आजही अभिमानाने सांगतो. नेमकं तिथेच चुकलं. शब्द मोडला तर काय, याचं उत्तर त्या कागदात नव्हतं. अनुशेष मोजणारा दांडेकर समितीचा अहवाल आला तो १९८४ मध्ये, वैधानिक विकास मंडळ मिळायला १९९४ उजाडलं आणि एप्रिल २०२० मध्ये त्याचीही मुदत संपली. पॅरिस करार वाचताना मला तो नागपूरचा कागद आठवतो. भाषा उदात्त, दंड शून्य.

आणि आता दुसरा कागद. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा, २००५, कलम १२(६)(ग). टंचाईचा भार खोऱ्यातल्या सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा. मेंढेगिरी समितीने त्याची कोष्टकं केली, १९ सप्टेंबर २०१४ ला प्राधिकरणाने आदेश काढला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर मुळा, भंडारदरा-निळवंडे, गंगापूर, दारणा, पालखेड यांनी पाणी सोडायचं. वरचे गप्प बसले का? मुळीच नाही. उच्च न्यायालयात गेले. २३ सप्टेंबर २०१६ ला आदेश कायम राहिला. २०२३ मध्ये ८.६ टीएमसीचा आदेश निघाला ३० ऑक्टोबरला, पाणी हललं ते नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, मधे नगर-नाशिकची आंदोलनं, इथे रास्ता रोको आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव. पण हललं. नगर-नाशिकच्या पुढाऱ्यांना आमची दया आली म्हणून नव्हे. आकडा होता, तारीख होती, आदेश मोडला तर उच्च न्यायालयाचं खंडपीठ होतं. त्यांच्या शेतकऱ्याचंही ऊस-द्राक्षांवर पोट आहे हे मी जाणतो, म्हणूनच सांगतो: सद्भावनेवर सोडलं असतं तर तिथल्या एकाही पुढाऱ्याला पाणी सोडणं परवडलं नसतं. कायद्याने त्यांची सुटका केली. घरी जाऊन ‘आमचा नाइलाज झाला’ असं त्यांना सांगता आलं. बड्या राष्ट्रांना हाच नाइलाज अजून कुणी पुरवलेला नाही. जुलै २०२५ मध्ये वानुआतूसारख्या इवल्या द्वीपराष्ट्राच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय न्यायालयाने राष्ट्रांवर हवामानाची कायदेशीर जबाबदारी आहे असं मत दिलं. मतच आहे ते, हुकूम नव्हे. पण पाऊल योग्य दिशेला पडलं.

आमच्याकडे थांबायला वेळ नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद पडलं. कोळसा जाळायलाही पाणी लागतं, हे बीड जिल्ह्याने राज्याला शिकवलं. त्याच वर्षी जालना-पैठणच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं आणि इथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला खंडपीठाला आदेश द्यावा लागला. सरकारला स्वतःहून ते सुचलं नाही. २०१९ ला जायकवाडी पुन्हा मृतसाठ्यात. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच जायकवाडीचे २७ दरवाजे उघडून तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं, पैठणची माणसं रात्रीतून हलवावी लागली. कोरडा आणि ओला, दोन्ही दुष्काळ एकाच पत्त्यावर येऊ लागले आहेत. बियाणं, खत, मजुरी यांचा खर्च मात्र दोन्ही वेळा तोच.

आता मागण्या.

महापालिकेने २०२१ च्या शब्दाचं काय केलं ते लेखी, मराठीत आणि प्रभागवार जाहीर करावं. शहर किती धूर सोडतं, त्यातला किती वाहनांचा, किती कचऱ्याचा, किती विजेचा. नाथसागरातून उचललेलं पाणी किती, घरापर्यंत पोचलेलं किती, वाटेत गेलेलं किती. १,६८० कोटींची पाणी योजना २,७४० कोटींवर गेली. तिच्या प्रत्येक टप्प्यापुढे तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहावं. खाम नदीच्या काठावर काम झालं हे मान्य, त्याचं कौतुकही आहे. सुखना नदीचं काय? आणि कांचनवाडीला मैलापाणी स्वच्छ करून जे बाहेर पडतं ते कारखान्यांना आणि बांधकामांना सक्तीने का दिलं जात नाही? पिण्याच्या पाण्याने सिमेंट कालवणाऱ्या शहराने निव्वळ शून्याच्या गप्पा मारू नयेत. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालून नहर खेळवून हे शहर वसवलं होतं. त्याच्याकडे सल्लागार कंपन्या नव्हत्या.

उद्योजकहो, तुमच्याशी बोलताना मला संकोच नाही, कारण या शहराची चूल तुमच्यामुळे पेटते. बिडकीनला विजेवरच्या गाड्यांचे प्रकल्प जाहीर झाले, टोयोटा-किर्लोस्कर, जेएसडब्ल्यू, एथर ही नावं रोज कानावर पडतात. त्याचा आनंदच आहे. पण युरोपातलं गिऱ्हाईक मागतं तेव्हा तुम्ही एका बोल्टमागे किती कार्बन निघाला ते दशांशात सांगता. रांजणगाव-जोगेश्वरीच्या माणसाने विचारलं की तीच माहिती गोपनीय होते. हे चालणार नाही. प्रत्येक मोठ्या कारखान्याने आपला धूर, आपलं पाणी, आपलं सांडपाणी यांचा वार्षिक आकडा फाटकावर लावावा. छपरं मोकळी आहेत, ऊन फुकट आहे. सौर पॅनेल किती बसले तेही लिहावं. छोट्या वर्कशॉपवाल्याला हे एकट्याने जमणार नाही, त्याला सीएमआयए आणि मसिआ या तुमच्या संघटनांनी हात द्यावा. त्याचे सुटे भाग तुमच्याच गाडीत बसून परदेशात जातात.

राज्य सरकारला एकच सांगणं आहे. ६५ टक्क्यांचा आकडा खाली आणण्याची शिफारस मांदाडे समितीच्या अहवालात आहे. त्याला हात लावू नका. पाऊस लहरी होत असताना खालच्या माणसाचं संरक्षण वाढवायचं असतं, घटवायचं नसतं. मुंबईने आमच्याशी तेच केलं जे वॉशिंग्टनने पॅरिसशी केलं, तर दिल्लीने जागतिक व्यासपीठावर हवामान न्यायाची भाषणं करण्याला काही अर्थ उरणार नाही. वरचं राष्ट्र खालच्या राष्ट्राचं देणं लागतं म्हणायचं आणि वरचा जिल्हा खालच्या जिल्ह्याचं लागत नाही म्हणायचं, हे कोणत्या तोंडाने?

खासदार-आमदारांनो, हवामान परिषदेतून परतणाऱ्या मंत्र्याला संसदेत विचारा की नुकसानभरपाईच्या निधीतून मराठवाड्याच्या वाट्याला एक रुपया तरी कधी यायचा, आणि त्यासाठी पंचनाम्याची कोणती कागदपत्रं लागतात. दुष्काळ आणि पुराचे पंचनामे आपण विमा कंपनीच्या नमुन्यात भरतो. जगाकडे मागायचं तर जगाच्या नमुन्यात भरावे लागतील. ही तयारी कोणी तरी आज सुरू केली पाहिजे. विद्यापीठ इथे आहे, ‘वाल्मी’सारखी पाणी आणि जमिनीचं प्रशिक्षण देणारी संस्था इथे आहे. माणसांची वाण नाही, विचारणाऱ्यांची आहे.

१५ ऑक्टोबर उलटला आणि यातलं काही झालं नाही तर काय? आम्ही दगड उचलणार नाही, बस जाळणार नाही. त्याची गरजच नाही. माहितीच्या अधिकाराखाली प्रत्येक प्रभागातून एकाच दिवशी एकच अर्ज पडेल: २०२१ च्या शब्दाचं काय झालं. उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं तर ते कागद घेऊन आम्ही औरंगाबाद खंडपीठात उभे राहू. ६५ टक्क्यांना हात लागला तर त्याच दिवशी. ज्या कारखान्याने फाटकावर आकडा लावला नाही, त्याच्या युरोपातल्या गिऱ्हाइकाला नागरिकांचं सह्यांचं पत्र जाईल: तुमचा पुरवठादार तुम्हाला जो कार्बनचा आकडा देतो तो आम्हाला दाखवत नाही, तेव्हा तो तपासून घ्या. याला ब्लॅकमेल म्हणाल तर म्हणा. माँट्रियलच्या कराराबाबत भारताने जे केलं त्याला मुत्सद्देगिरी म्हणतात. आणि निवडणुकीत जो उमेदवार आकडा न घेता दारात येईल, त्याला पाणी विचारू. म्हणजे किती दिवसांनी येतं, ते.

हे रिकामं बोलणं वाटत असेल तर नारेगाव आठवा. कित्येक दशकं शहराचा कचरा तिथे पडला, धुमसत राहिला, विहिरी नासल्या. निवेदनांना कुणी भीक घातली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव-मांडकीच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, मागे हटले नाहीत, आणि शेवटी तिथे कचरा टाकणं थांबलं. शहर महिनोन् महिने कचऱ्यात बुडालं, हाल झाले, पण कचऱ्याची वर्गवारी हा विषय महापालिकेला त्यानंतरच गांभीर्याने घ्यावा लागला. ज्यांच्याकडे सत्ता नव्हती त्यांच्याकडे रस्ता होता.

वाचकहो, तुमच्या प्रभागातला एक माणूस निवडा, अर्ज लिहायला बसवा. नळाला पाणी कोणत्या तारखेला आलं आणि किती वेळ राहिलं याची नोंद आजपासून घरच्या कॅलेंडरवर करा. कोर्टात पुरावा म्हणून तेच लागेल. सप्टेंबरअखेरपर्यंत ही पानं गोळा करा. १६ ऑक्टोबरच्या सकाळी आम्ही ती घेऊन महापालिकेच्या पायऱ्यांवर असू.